सोनटक्क्यांच्या कॉम्प्युटरचा ताप

जयपुरात उन्हाळा नेमका कधी सुरू होतो यावर जाणकारांत मतभेद आहेत. कोणी म्हणतं होळी पेटली की, कोणी म्हणतं गणगौर बोळवली की. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या दोन हजार सहा साली मात्र तो धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, खातीपुऱ्याच्या बाजूच्या एका रेल्वे कॉलनीत, नागनाथ सोनटक्के यांच्या बैठकीच्या खोलीतल्या टेबलाखाली सुरू झाला आणि पाडवा तोंडावर आला तरी तिथून हलला नाही.

सोनटक्के मूळचे सोलापूरचे. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा ‘बढती हवी असेल तर जयपुरात जा’ असं वरून सुचवण्यात आलं आणि ते बायको-मुलीसह आले. आता ते कार्यालय अधीक्षक होते. म्हणजे स्वतः फारसं काही करायचं नाही, पण आपल्या सहीवाचून दुसऱ्यालाही काही करू द्यायचं नाही, अशा जबाबदारीच्या जागी होते. घरात माणसं तीन. स्वतः नागनाथ, पत्नी मंदाकिनी आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी मिताली. चौथा कॉम्प्युटर. त्याच्या अंगावर या तिघांपेक्षा जास्त कपडे होते. स्क्रीनला झालरीचा अभ्रा, कीबोर्डला टॉवेल आणि खालच्या सीपीयूच्या डब्याला मंदाकिनीबाईंनी जुन्या पडद्यातून बेतलेला झगा.

शिवाय सोनटक्क्यांच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नव्हती. टीव्हीचा रिमोट पिशवीत राही आणि पिशवीवरूनच दाबला जाई. फ्रिजच्या दांडीवरचं प्लॅस्टिक सोलापुरातून तसंच आलं होतं. सोफ्यावरचंही होतं. मे महिन्यात पाहुणे त्याला चिकटत आणि उठताना असा काही आवाज होई की सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड बघावंसं वाटे. ‘प्लॅस्टिक काढलं की वस्तू जुनी झाली’ हे नागनाथांचं मत होतं आणि मंदाकिनीबाईंचंही तेच होतं. बाकी कुठल्याच बाबतीत या जोडप्याचं पटत नसे, पण इथे छत्तीसच्या छत्तीस गुण जमत.

आता हा कॉम्प्युटर का तापला, हे सांगायचं तर मराठी स्नेहवर्धक मंडळाबद्दल सांगावं लागतं. जयपुरातल्या मराठी माणसांनी एकमेकांचा स्नेह वाढावा म्हणून हे मंडळ काढलं आणि तेव्हापासून ती एकमेकांशी भांडत आहेत. अध्यक्ष शामराव. राहायला सिव्हिल लाइन्समध्ये. बंगला जावयाचा, तोही सरकारी, पण पत्ता सांगताना शामराव असे सांगत की ऐकणाऱ्यानं उठून उभं राहावं. मंडळाची भाषा, शिस्त आणि प्रोजेक्टर या तीन गोष्टी त्यांच्या ताब्यात होत्या. प्रोजेक्टरला त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचं झबलं शिवून घेतलं होतं, भिंगापुरतं भोक ठेवून. हा प्रोजेक्टर सुरू केल्यावर अर्ध्या तासानं आपोआप विझत असे. मंडळी त्याला मध्यंतर म्हणत आणि चहा घेत. मंडळाचं सगळं कसं वेळच्या वेळी होतं, याचं बाहेरच्यांना कौतुक वाटे.

मागच्या गणेशोत्सवात मिताली याच मंडळाच्या स्टेजवर दोन शब्द बोलायला उभी राहिली होती. जयपुरात वाढलेली पोर. मराठी बोलताना मधेच थबकायची, ‘मतलब’ म्हणायची, शब्द शोधायची आणि पुढे जायची. तिसऱ्या ‘मतलब’ला शामराव उठले, तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, “आता हेच कोणी तरी शुद्ध मराठीत सांगेल का?” लोक हसले. शामरावांच्या भाचीनं ते शुद्ध मराठीत सांगितलं. मिताली खाली उतरली आणि त्या दिवसापासून घरातही मराठी बोलायची थांबली. आईबापांनी सोलापुरीत विचारावं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यावं. नागनाथ वरून काही म्हणत नसत, पण आपल्याच घरात आपलं बोलणं अनुवादित होऊन परत येतंय, याचं त्यांना फार वाईट वाटे.

म्हणून माघातल्या सभेत, मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचा पाडव्याला कार्यक्रम ठरत असताना, नागनाथ उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळाच्या पंचवीस वर्षांची फिल्म मी करतो. निवेदन माझी मुलगी करेल.” याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

शामराव गोड हसले. “करा की, सोनटक्के. नाहीच झाली तर माझी भाषणाची तयारी आहेच.” शामरावांची भाषणाची तयारी ही मंडळावरची कायमची टांगती तलवार होती.

मितालीला मनवायला आठवडा गेला. शेवटी ती म्हणाली, “पप्पा, रेकॉर्ड करना है तो करूँगी. स्टेज पे नहीं जाऊँगी. कभी नहीं.” मग ती दार लावून बोलली. थांबत, अडत, पुसून पुन्हा बोलत, पण मराठीत बोलली. नागनाथांनी जुने फोटो जमवले, कोणाकोणाच्या कॅसेटी आणल्या, एका कार्यक्रमाच्या कॅसेटमध्ये निम्म्यातून बारसं निघालं ते कापलं आणि होळीच्या दहा दिवस आधीच सगळं मापात जुळवलं. आता फक्त ते फोटो, कॅसेटी आणि आवाज एकत्र शिजवून त्याची एक फिल्म करायची होती, आणि हे काम कॉम्प्युटरनं एकट्यानं करायचं होतं. त्यानं अंदाज दिला, दीड दिवस.

दीड दिवस हरकत नव्हती. पण कॉलनीतली वीज रोज एकदा जायची आणि कधी जायची ते तिच्या मर्जीवर होतं. बॅटरीचा डबा होता, तो वीज गेल्याचं ओरडून सांगायचा आणि मग स्वतःही जायचा. तीनदा फिल्म अर्ध्याहून पुढे शिजली आणि तीनदा पहिल्यापासून सुरू झाली. नागनाथांनी वीज खात्याला कार्यालयीन भाषेत पत्र लिहिलं. उत्तर आलं की क्वार्टरच्या मंजूर उपकरणांत दिवे, पंखे आणि इस्त्री आहे, कॉम्प्युटर नाही. सबब ज्या वस्तूचं अस्तित्व नाही तिच्या गैरसोयीची दखल घेता येत नाही. पत्र इतकं चोख होतं की नागनाथांना लिहिणाऱ्याचा हेवा वाटला.

इथे संकल्पचा प्रवेश होतो. संकल्प अमरावतीचा, इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवाला, आणि मंडळात ज्याला नमस्काराआधी कॉम्प्युटरचं दुखणं सांगतात असा एकुलता एक तरुण. अमेरिकेच्या वेळेनं काम करायचा, त्यामुळे जेव्हा जेव्हा गरज पडे तेव्हा तो झोपलेला असे.

“काका, ओव्हरक्लॉक करून टाका न,” तो फोनवर जांभई देत म्हणाला. “मंजे कसं, प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं. दीड दिवसाचं काम एका दिवसात होते पाहा.”

“परवानगी कोणाची लागते?” नागनाथांनी विचारलं.

“कोणाचीच नाही लागत, काका.”

सबंध नोकरीत नागनाथांनी असं काही ऐकलं नव्हतं. कोणाच्याही सहीशिवाय एखादी गोष्ट ठरल्यापेक्षा जोरात चालू शकते, हा विचारच त्यांना चढला. संकल्पनं सांगितलेल्या कळा दाबून ते कॉम्प्युटरच्या पोटातल्या निळ्या पाटीपर्यंत पोचले आणि तिथला आकडा त्यांनी वाढवला. मशीन सुरू झालं. फिल्म खरोखरच भराभर शिजायला लागली. नागनाथांनी मागे रेलून मंदाकिनीबाईंकडे विजयी नजरेनं पाहिलं, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर केकाटायला लागला.

बघितलं तर प्रोसेसरचं तापमान पंचाहत्तर. एवढं तापलं की मशीन जीव वाचवायला फिल्म शिजवणं थांबवे आणि नुसतं केकाटत बसे. झगा काढला. टॉवेल काढला. पंचाहत्तरच. वेग पुन्हा कमी करावा तर फिल्म पुन्हा दीड दिवसावर जात होती.

तो आवाज ऐकून शेजारचे राठौड़जी आले. राठौड़जी निवृत्त इंजिन ड्रायव्हर. कोळशाच्या इंजिनावर नोकरीला लागले आणि डिझेलवर उतरले. त्यानंतर जगात नवीन काही निघालंय यावर त्यांचा विश्वास नव्हता. टेबलाखाली वाकून, कान लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. “सोनटक्केजी, इंजन गरम होने के दो ही कारण. या तो लोड ज्यादा, या पानी कम.”

“यात पाणी नसतं हो, राठौड़जी.”

“वही तो मैं कह रहा हूँ,” राठौड़जी म्हणाले.

संकल्पला पुन्हा उठवलं. तो म्हणाला, “काका, कंपनीच्या पंख्यानं नाही भागत. तांब्याच्या बुडाचा मोठा हीटसिंक घ्या, ताप ओढून घेते तो. त्याच्या बुडाला पेस्ट लावायची, प्रोसेसरवर ठेवायचं आन् दाबायचं. बस.” आणि बस म्हणता म्हणता तो झोपला.

नागनाथांनी हीटसिंक आणला. पत्र्याच्या पात्यांचा एवढा मोठा गड्डा की डब्याचं दार लागेना. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पण बूड काय होतं. लखलखीत तांबं, आरशासारखं, आणि त्या तांब्यावर ओरखडा येऊ नये म्हणून कंपनीनं पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं. वस्तूची एवढी काळजी घेणारी कंपनी बघून नागनाथ भारावले. त्या प्लॅस्टिकवर कडेला लाल अक्षरांत इंग्रजीत बारीक काही छापलं होतं. पण लाल शाईतलं आपण वाचायचं नसतं, पुढे पाठवायचं असतं, हे नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी प्लॅस्टिकवर नीट पेस्ट लावली, थोडी पुढच्या वेळेला म्हणून ठेवली आणि गड्डा दाबून बसवला.

तापमान नव्वद.

तुम्ही म्हणाल, इथेच माणसाला कळायला हवं होतं. सामान्य माणसाला कळलं असतं. पण नागनाथ सुशिक्षित होते आणि त्यांचा तांब्यावर विश्वास होता. पेस्ट कमी पडली असं त्यांनी ठरवलं. उरलेली लावली. तरी नव्वद. राठौड़जी म्हणाले, “टूथपेस्ट लगाओ, लौंगवाली. ठंडक करती है.” लावली. तरी नव्वदच, फक्त खोलीत दात घासल्याचा वास सुटला आणि मंदाकिनीबाईंनी विचारलं, “अहो, त्याचं तोंड धुवून झालं असलं तर तुमचं पण आटपून घेता का? ऑफिसला जायचंय की.”

मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला सुरू झालं. डबा उघडा करून खिडकीत ठेवला. टेबलफॅन लावला. तरी भागेना म्हणून राठौड़जींनी आपला कूलर काढायचं ठरवलं. जयपुरात होळीनंतर कूलर काढणं हे घरातलं मोठं कार्य असतं. जाळ्या धुवायच्या, खसाचं नवं गवत भरायचं, पंप हलवून बघायचा. ते सगळं राठौड़जींनी शास्त्रोक्त केलं, कूलर सोनटक्क्यांच्या उघड्या कॉम्प्युटरसमोर आणून ठेवला, पाणी भरलं आणि बटण दाबलं. पहिल्या झोतात वर्षभराची धूळ आली. दुसऱ्या झोतात पाणी आलं. कॉम्प्युटरनं एक लांब सूर काढला आणि तो शांत झाला.

“अब ठंडा हो गया,” राठौड़जी समाधानानं म्हणाले.

मदरबोर्ड गच्चीत वाळत घातला. शेजारी मंदाकिनीबाईंचे पापड होते. त्या दर थोड्या वेळानं जाऊन दोन्ही उलटवून येत. दैव बलवत्तर म्हणून संध्याकाळपर्यंत दोन्ही खडखडीत वाळले आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तापमान नव्वद.

आता उपाय एकच राहिला होता, एसी. एसी कुठे असतो, तर ऑफिसात. साहेब रजेवर होते. नागनाथांनी कॉम्प्युटर रिक्षात घालून ऑफिसात नेला आणि साहेबांच्या रिकाम्या, गार खोलीत लावला. आत नेताना फाटकावर कोणी हटकलं नाही. एसीत स्वतः नागनाथांना हुडहुडी भरली, हातपाय गार पडले. कॉम्प्युटरचं तापमान अठ्ठ्याऐंशी झालं. थंडीनं नव्हे, पराभवानं थरथरत त्यांनी तो उचलला आणि फाटकाशी आले, तेव्हा शिपायानं हात आडवा केला. “बाहर ले जाने का पास?”

“माझाच आहे हो. मीच सकाळी आणला.”

“सुबह मेरी ड्यूटी नहीं थी, साब.”

पास नागनाथांच्याच विभागातून मिळे आणि त्यावर सही कार्यालय अधीक्षकाची, म्हणजे नागनाथांचीच लागे. पण स्वतःच्या वस्तूच्या पासवर स्वतः सही करता येत नाही, असं परिपत्रक होतं. ते परिपत्रक दोन वर्षांपूर्वी सोनटक्क्यांनीच काढलं होतं आणि त्याच्या भाषेवर बेहद्द खूश होऊन त्याची एक प्रत काचेखाली ठेवली होती. दुसरे सहीवाले अधिकारी दौऱ्यावर. शिपायानं ते परिपत्रक नागनाथांना वाचून दाखवलं. अडाणी माणसाला समजावावं तसं, सावकाश दाखवलं. कॉम्प्युटर फाटकाच्या खोलीत अडकला आणि अधिकारी परतेपर्यंत नागनाथ येता-जाता त्याला खिडकीतून बघत राहिले.

मंडळात ही बातमी पोचली होती. शामरावांचा फोन आला. “ऐकलं हो, सोनटक्के. वाईट वाटून घेऊ नका. मी भाषणाला सुरुवात केली आहे.” मिताली त्या वेळी समोरच बसली होती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत गेली. पुस्तक उघडून बसली, आणि बराच वेळ पान उलटलं नाही. नागनाथांना वाटलं, हिची एवढी मेहनत आपल्या शहाणपणानं मातीत घातली. वेग वाढवण्याच्या नादात जे सावकाश का होईना चाललं असतं तेही गेलं.

कॉम्प्युटर घरी आला त्या संध्याकाळी राठौड़जींच्या पत्नी आल्या. त्यांना सगळी कॉलनी भाभीजी म्हणे. “सोनटक्केजी, कल बासोड़ा है,” त्या म्हणाल्या. “शीतला माता का दिन. घर में चूल्हा नहीं जलता, कोई गरम चीज़ नहीं. और आपके यहाँ ये मशीन नब्बे पे जल रही है. माता नाराज़ होगी जी. कल मत चलाना.”

नागनाथांनी विज्ञान, युग, संविधान वगैरे सांगायला तोंड उघडलं, पण मंदाकिनीबाई म्हणाल्या, “नाही चालवणार, भाभीजी.” विषय तिथे संपला. एरवी सोनटक्क्यांच्या घरी बासोडा पाळत नसत. पण आयतं, आदल्या दिवशीच रांधलेलं आणि दुसऱ्या दिवशी गॅसकडे बघायचंही नाही, असा सण मंदाकिनीबाईंना फार पटला होता. असा सण आपल्याकडे कोणाला कसा सुचला नाही, असं त्या दरवर्षी म्हणत.

दुसऱ्या दिवशी भाभीजी चाकसूच्या शीतलामातेच्या जत्रेला जाऊन आल्या आणि प्रसादाच्या गार पुऱ्या, दही आणि गुलगुले, म्हणजे गुळाची गोड भजी, देऊन गेल्या. घरात भांड्याचा आवाज नाही, फोडणीचा वास नाही. सुटी असूनही नागनाथांना करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी चटईवर कॉम्प्युटर उघडून ठेवला होता आणि ते त्याच्याकडे नुसते बघत होते. आणि लग्नानंतर बहुधा प्रथमच, भरदुपारी, मंदाकिनीबाईंनाही काही काम नव्हतं. त्या गुलगुला खात शेजारी येऊन बसल्या.

“काय असतंय हो यात? सांगा तर.”

आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायला त्यांना वेळच नव्हता. नागनाथ खुलले. “हे बघ. हा प्रोसेसर. काम करताना हा तापतो. हे तांबं त्याच्यावर टेकतं, त्याची उष्णता ओढून घेतं, वर पात्यांत देतं आणि पंखा ती बाहेर फेकतो. सगळं तांब्यावर आहे. तांबं बघ कसलं आहे.” त्यांनी गड्डा काढून, टूथपेस्ट पुसून बूड पुढे धरलं. “एवढं सगळं झालं, पाण्यात भिजलं, ऑफिस फिरून आलं, पण एक ओरखडा नाही. अजून प्लॅस्टिक आहे तसं आहे.”

मंदाकिनीबाई चावायच्या थांबल्या. “हे प्लॅस्टिक मधे हाय?”

“असणारच की. नवी वस्तू आहे.”

“म्हणजे हा जाळ, हा तवा, आन् मधे पिशवी?” त्यांनी बोटानं दाखवलं. “अहो, तुम्ही पिशवीसकट पोळी भाजायला बसलाय आठवडाभर.”

मिताली उठून आली. तिनं गड्डा हातात घेऊन उजेडात धरला आणि कडेची लाल अक्षरं वाचली. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसत हसत म्हणाली, “पप्पा, यावर लिहिलंय. वापरण्यापूर्वी काढावे.”

नागनाथांना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही कूलर, गच्ची आणि फाटक घेऊन. मग त्यांच्या लक्षात आलं की पोरगी मराठीत बोलली. ते काही म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर ती थांबली असती.

प्लॅस्टिक मंदाकिनीबाईंनीच सोललं, नखानं, एका ओढीत. घरातल्या परंपरेला तडा गेला तो असा. बासोडा संपल्यावर मशीन लावलं. तापमान पंचावन्न. फिल्म एका वीज जाण्यापासून दुसऱ्या वीज जाण्याच्या आत शिजून तयार झाली. भाभीजी बघायला आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “देखा, माता ने ठंडा कर दिया.” नागनाथांनी शास्त्रीय कारण सांगायला तोंड उघडलं. पण ते सांगायचं तर प्लॅस्टिकचं सांगावं लागत होतं. “माताजी की कृपा,” ते म्हणाले.

पाडव्याला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत भीमाबाई होत्या, मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद. पहिल्या कार्यक्रमाचा सगळा स्वयंपाक त्यांनी एकटीनं केला होता, आणि शामरावांना ‘शामा’ म्हणणाऱ्या त्या आता एकट्याच उरल्या होत्या. मिताली शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पळायला सोयीच्या खुर्चीत. शामराव स्टेजच्या कडेला, खिशात भाषण.

फिल्म सुरू झाली. फोटो येत होते, जात होते, तरुणपणीचे शामराव केसांसकट दिसले तेव्हा टाळ्याही झाल्या. मितालीचा आवाज थांबत, शोधत पुढे जात होता. आणि अर्धा तास होतो न होतो तोच प्रोजेक्टर विझला. पडद्यावर काळोख.

“मध्यंतर,” शामराव प्रसन्नपणे म्हणाले. “दिवे लावा. चहा आणा.”

पण कॉम्प्युटर चालू होता आणि त्यातून आवाज येतच होता. अंधारात मिताली सांगत होती, “माझा जन्म सोलापूरचा. पण मला तिथलं जास्त काही आठवत नाही. मी जयपूरची आहे. माझी मराठी पॅसेंजर गाडी आहे. मतलब, सगळ्या स्टेशनांवर थांबते. कधी कधी स्टेशन नसतं तिथे पण. उशिरा येते. पण रद्द होत नाही.”

दिवे लावायला उठलेला माणूस पुन्हा खाली बसला. नागनाथांनी हे वाक्य जुळवाजुळव करताना कितीदा तरी ऐकलं होतं, पण तेव्हा त्यांचं लक्ष मापाकडे होतं. आता ते त्यांनी प्रथमच ऐकलं. त्यांनी फिल्म थांबवली, पुढचे फोटो वाया जाऊ नयेत म्हणून. मग ते प्रोजेक्टरकडे गेले. हात लावला. झबल्याच्या आत तो फणफणला होता. कडेला लाल दिवा लुकलुकत होता. या आजारात नागनाथ आता जयपुरातले अधिकारी माणूस होते. त्यांनी झबल्याच्या गाठी सोडायला घेतल्या.

“अहो, अहो, सोनटक्के, काय करताय?” शामराव धावले. “नवीन आहे तो. धूळ बसेल.”

“शामराव,” नागनाथ शांतपणे म्हणाले, “पिशवीसकट पोळी भाजत नाही.” आणि झबलं ओढून काढून त्यांच्या हातात दिलं. “आता जरा निवू द्या. मग सुरू होईल. आणि मधे थांबणारही नाही.”

शामरावांनी झबल्याची सवयीनं व्यवस्थित घडी केली. मग त्यांच्या लक्षात आलं की हॉल शांत आहे, प्रोजेक्टर बंद आहे आणि खिशात भाषण आहे. त्यांनी माइक उचलला. “तोपर्यंत मी दोन शब्द...”

“शामा,” पहिल्या रांगेतून भीमाबाई म्हणाल्या, “खाली बस. ती पॅसेंजरवाली पोर कोणाची? ती आली आहे का इथं?”

नागनाथांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची हिंमत झाली नाही. स्टेजवर कभी नहीं, असं तिनं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाराच्या दिशेनं गेला की इकडे, ते कळेना. मग मिताली त्यांच्या शेजारून पुढे गेली. तिनं शामरावांच्या हातातून माइक घेतला. शामरावांनी तो दिला, दुसऱ्या हातात घडी होती म्हणून असेल.

“नमस्कार,” ती म्हणाली आणि थबकली. कोणी हसलं नाही. “पुढचं मी सांगते. पण... मतलब, वेळ लागेल.”

“लागू दे,” भीमाबाई म्हणाल्या. “आम्हाला कुठं जायचंय?”

ती सांगू लागली. मंडळाचं थोडं सांगितलं, मग न ठरवता घरचं सांगू लागली. झगा, टूथपेस्ट, पापडांशेजारी वाळत घातलेला मदरबोर्ड, स्वतःचंच परिपत्रक ऐकणारे पप्पा. लोक पोट धरून हसत होते. नागनाथांची अब्रू, सोलापूरपासून जपून आणलेली, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली, भर हॉलमध्ये सोलली जात होती, आणि ते प्रोजेक्टरशेजारी उभे राहून स्वतःही हसत होते. ती अडली की सगळा हॉल थांबत होता, आणि शब्द सापडला की सगळा हॉल सुटत होता.

प्रोजेक्टर केव्हाच निवला होता. त्याचा हिरवा दिवा लागला, तो फक्त नागनाथांना दिसला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि हळूच त्या दिव्यावर टाकला.